कुस्ती खरी झाली

आमच्या अखाड्यात एक रीत होती. कुस्ती सुटली की दोघांनी हौद्यातली मूठभर माती उचलायची, एकमेकांच्या खांद्यावर टाकायची आणि उस्तादांकडे तोंड करून म्हणायचं, "खरी झाली." आधी हरलेल्याने, मग जिंकलेल्याने. रोजच्या सरावाची कुस्ती असली तरी हे म्हटल्याशिवाय हौद्याबाहेर पाय टाकायची सोय नव्हती. कुणी चिमटा काढला असेल, डोळ्यात बोट घातलं असेल, दोस्त म्हणून हात ढिला सोडला असेल, तर तिथल्या तिथे सांगायचं आणि कुस्ती पुन्हा लावायची. बापू उस्ताद म्हणत, "हार-जीत तर रस्त्यावरचा माणूसही बघतो, बेटा. खरी झाली की नाही, हे फक्त दोघांना ठाऊक. इसलिए दोनों से पूछता हूँ." देवासमध्ये अखाडे पुष्कळ होते, पण ही रीत आमच्याच अखाड्यात होती आणि तिचा आम्हांला भारी अभिमान होता. त्या अभिमानाचं पुढे काय झालं ते मला लिहायचं आहे. माझी मुलं म्हणतात, बाबा, एवढं प्रकरण गाळा. त्यांचं बरोबर असेल. मी गाळणार नाही.

बापू उस्ताद नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होते. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टाकून ते पहाटे गल्लोगल्ली हिंडत, रस्त्यातली झाकणं उचलून पाणी सोडत, आणि तिथून थेट अखाड्यात येत. त्यांचे पणजोबा दरबारात पट्टा फिरवत असत म्हणे. आमच्या आयांशी बोलताना ते "आपण यावं, आपण बसावं" अशी जुनी, इस्त्री केलेली मराठी बोलत, आणि आमच्याशी बोलताना मराठी, मालवी आणि हिंदी यांची खिचडी. आईला उलट बोललेल्या पोराला ते हौद्यात उतरू देत नसत. आधी घरी जा, आईचे पाय धर, तिला इथे घेऊन ये, मग लंगोट बांध. शाळेत जाऊन ते आमचे मार्क विचारत. कुणाचा बाप दारू पिऊन पोरांना मारत असेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन नुसते बसत, काही न बोलता, अर्धा-पाऊण तास. तेवढ्यानं काम होई. माझ्या गोवराच्या तापात ते रोज येऊन उशाशी बसले. माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवतो, कारण पुढे गेल्यावर ते लिहायचं मन होणार नाही.

आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. बाबा सांगलीकडून नोकरीसाठी इकडे आलेले, दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात तुळस आणि मागे पपई. दिवसाचे तुकडे कारखान्याच्या भोंग्याने पडत; टेकडीवरच्या देवीची घंटाही ऐकू यायची, पण आमच्याकडे भोंग्याला मान जास्त. बाबा अखाड्याला शेवटपर्यंत तालीमच म्हणाले. आईला इथलं काही पटत नसे. पोह्यांवर शेव घालतात हे पाहून ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, "हे काय, दिवाळी आहे का?" दहा वर्षांनी तीच बाई शेव संपली म्हणून पोहे झाकून ठेवायची आणि मला दुकानात पिटाळायची. जिरावण नावाचा तो तिखट-आंबट मसाला मात्र तिने घरात येऊ दिला नाही. तेवढी सांगली तिने राखली.

कॉलनीतल्या मराठी घरांनी एक गोष्ट ठरवली होती. कॉलनीचा जो पोरगा हौद्यात नाव काढेल, त्याच्या दुधाची पाळी घरोघर लावायची. आज जोशीकाकू, उद्या पाटलांकडचं, परवा वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनी; ज्यांच्या घरी दूध पुरत नसे ते भिजवलेले बदाम नाहीतर गुळाचा खडा पाठवत. ती पाळी माझी होती. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईने घरांची नावं लिहिली होती आणि माझी धाकटी बहीण शैला रोज संध्याकाळी लोटा घेऊन त्या त्या दारी जायची. येताना लोट्यावर झाकण असायचं आणि तिने ते कधी उघडलं नाही. ती स्वतः चहात रंग बदलेल एवढंच दूध घ्यायची. आता ती पुण्याला असते. परवा डॉक्टरांनी तिची हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं तेव्हा फोनवर म्हणाली, "माझं सगळं तुझ्या मांड्यांत गेलं, दादा." ती हसत होती. मला हसता आलं नाही.

सरावातला माझा जोडीदार लखू जुन्या गावात राहायचा. त्याचे आजे-पणजे दरबाराच्या पागेत घोड्यांकडे होते. घोडे गेले, पागा गेली, आडनावाला चिकटलेली अदब तेवढी उरली. वडील नव्हते. आई, जिला तो जिजी म्हणायचा, पापड लाटायची आणि लोकांची शिवण करायची. लखूसाठी कुणी पाळी लावली नव्हती. भिजवलेले हरभरे आणि मक्याची भाकरी यांवर तो पोसला होता आणि माझ्याहून सरस होता. हे मी आज मोठेपणाने म्हणत नाही, ते तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. सरावात तो मला पाचातून चार वेळा पाडायचा. माझा हातखंडा डाव ढाक. समोरच्याची मान काखेत धरायची, कंबर आत घालायची आणि त्याला पाठीवरून घेऊन जमिनीवर आदळायचं. बाकीचे त्यात सापडायचे. लखू मात्र ऐन वेळी कंबर अशी वळवायचा की मीच पालथा पडायचो. मग हात देऊन उठवायचा आणि म्हणायचा, "कंबर मागून घे रे भिया, घाई करून राहिलास." इकडे भावाला भिया म्हणतात. एकदा मी माझा लोटा त्याच्यापुढे धरला. म्हणाला, "नको. ते तुझ्या कॉलनीचं आहे. मला पचायचं नाही."

आम्ही दोघंही अठराचे झालो त्या उन्हाळ्यात कारखान्याचे खेळ-अधिकारी अखाड्यात आले. कारखान्याच्या संघात एक पैलवान घ्यायचा होता, खेळाडू म्हणून कायमची नोकरी. त्यांनी बापूंना सांगितलं, "नागपंचमीला मी येतो. तुमची दोन पोरं लढवा. जो जिंकेल तो आमचा." दोन पोरं कोणती हे सांगायची गरजच नव्हती. मी अकरावीला गचकलो होतो. बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि ते निवृत्त झाले की क्वार्टर सोडावं लागणार होतं. लखूकडे सोडायला क्वार्टरसुद्धा नव्हतं. जिजीची नजर अधू होत चालली होती आणि सुईत दोरा आता लखूच ओवून द्यायचा. ती नोकरी आमच्यापैकी एकाला मिळणार होती, दुसऱ्याला काहीच नाही. सरळ विचार केला तर ती त्याची होती.

पण कॉलनीनं सरळ विचार केला नाही. आमच्या दारात बायका जमून बोलू लागल्या. जोशीकाकू म्हणाल्या, "इतकी वर्षं दूध पाजलं ते काय उगीच?" कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "आपलाच मुलगा लागला तर आपल्याला बरं. बाहेरचा कोण, कुठला." लखू त्या गावात पाच पिढ्यांचा आणि आम्ही काल आलेले, तरी बाहेरचा तो. अखाड्यावर पत्र्याचं छप्पर कॉलनीच्या गणेश मंडळानं घातलं होतं, हौद्याला लागणारं तेल आणि हळद मंडळाकडून यायची, मातीत घालायचं ताकसुद्धा आमच्या घरांतून जायचं. मंडळाचे दोघं-तिघं एके संध्याकाळी बापूंकडे जाऊन आले. काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. न विचारण्याची सवय मला तिथपासून लागली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी पळायला निघालो होतो. मोठ्या चौकापाशी बापू नळाच्या झाकणावर वाकलेले दिसले आणि शेजारी लखू. बापू चावी फिरवायची सोडून बोलत होते. लखू खाली त्या खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत होता. बापूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग लखूने चावी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः फिरवली. मी पलीकडच्या गल्लीतून निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी अखाड्याला पताका लावल्या होत्या. खेळ-अधिकारी खुर्चीवर, बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत, कॉलनीच्या बायका मागे उभ्या, आणि जिजी एका कोपऱ्यात, पदर दातात धरून. ढोलकीवाला आला होता. आम्ही बापूंच्या पाया पडून हौद्यात उतरलो. सुरुवात चांगली झाली. लखूने एकदा पाय धरून माझा पट काढला, मी सुटलो, लोक ओरडले. आणि मग मला काहीतरी वेगळं लागलं. कुस्तीगीर दमतो तेव्हा आधी त्याचा श्वास जातो, मग मान जाते, पाय सगळ्यांत शेवटी. लखूचे पाय आधी गेले. श्वास तर घड्याळासारखा चालू होता. मी मान धरली, कंबर आत घातली आणि वाट बघत राहिलो, की आता तो वळेल. तो वळला नाही. त्याची कंबर माझ्याबरोबर आली, एखादं शहाणं मूल बोट धरून येतं तशी, आणि तो सरळ पाठीवर गेला. चितपट. ढोलकी घुमली, कॉलनीनं पत्रे हादरवले.

मला कळलं. ते कळायला बुद्धी लागत नाही, हाताला कळतं. लखू उठला, मूठभर माती घेतली, माझ्या खांद्यावर टाकली आणि बापूंकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "खरी झाली."

आता माझी पाळी होती. बापू माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरच्या मातीकडे बघत होते. "वसंता, बोल." मी नाही म्हटलं असतं तर कुस्ती पुन्हा लागली असती. पुन्हा लागली असती तर, माझी अशी समजूत होती, चिडलेल्या लखूने मला उभा आडवा केला असता. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. मी माती उचलली, लखूच्या खांद्यावर टाकली आणि म्हणालो, "खरी झाली." आवाज जरासुद्धा कापला नाही. तेवढं बळ अखाड्याने मला दिलं होतं.

घरी पेढे आले, वाटले गेले. आईने माझी दृष्ट काढली. बाबा त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाले, "तालमीनं पोराला माणूस केलं." शैलाने माझ्या ताटात भात वाढला आणि हळूच विचारलं, "दादा, लखूदादा आज का वळला नाही?" ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि रोज कुंपणापाशी उभी राहून आमच्या कुस्त्या बघायची. मी म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं." पुढच्या महिन्यात लखू जिजीला घेऊन अमझेऱ्याला बहिणीकडे निघून गेला, मेहुण्याची पिठाची गिरणी होती. जाताना मला भेटला नाही. मी कामावर होतो, हे कारण चांगलं होतं.

त्या नोकरीवर मी आयुष्य काढलं. संघ चारेक वर्षांत बंद झाला, मी स्टोअरमध्ये बसलो. नट, बोल्ट, ग्रीसचे डबे. लग्न झालं, मुलं शिकली, घर बांधलं. खाल्लेला प्रत्येक घास लखूचा होता असं म्हणायला नाटकी वाटतं. रोज काही आठवत नव्हतं. पण कुणी माझ्यासमोर 'अखाड्याचे संस्कार' म्हटलं की जिभेवर माती यायची.

बापूंना अखेरीस अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी त्यांना भेटायला जात असे. एक दिवस त्यांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, "लखूला मी सांगितलं होतं. तुझी कॉलनी छप्पर उतरवून न्यायला बसली होती, बेटा. एक पोरगं पडलं, अखाडा उभा राहिला. बाकी पोरांचं मग काय झालं असतं? तू सांग, मी काय करायला पाहिजे होतं?" मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?" त्यांनी चांगला हात माझ्या हातावर ठेवला. "तुला सांगितलं असतं तर तू माती उचलून खोटं बोलला असतास का? तू पाक-साफ राहिलास. इतनी तसल्ली है मुझे." त्यांचे डोळे भरून आले. मला कळलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्या समजुतीत गेले. मी दयाळूपणाने गप्प बसलो असं लोकांना वाटेल. मला फक्त त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

गेल्या वर्षी अखाड्याने माझा सत्कार केला. आता तिथे निळ्या गाद्या आहेत, आरसे आहेत, मुलीही येतात. 'मुलांच्या चारित्र्याची जडणघडण' असा विषय देऊन मला बोलायला उभं केलं. मी उस्तादांबद्दल बोललो, दुधाच्या पाळीबद्दल बोललो, अवघा समाज एका पोराला कसा वाढवतो ते सांगितलं. खूप टाळ्या पडल्या. घरी येऊन शाल खुंटीवर टाकली आणि मला स्वतःची अशी किळस आली की चार दिवसांनी धारची बस पकडून मी अमझेऱ्याला गेलो. मरायच्या आधी एकदा त्याची माफी मागायची, एवढंच डोक्यात होतं.

गिरणी विचारत विचारत सापडली. लखू दारातच होता, भुवयांवर पीठ. त्याने मला लगेच ओळखलं आणि मिठी मारली. "अरे भिया! किती बारीक झालास!" गिरणीमागे कडुनिंबाखाली त्याने हौदा केला होता. गावातली वीस-पंचवीस पोरं, पाचसहा मुली, सगळ्या घरांतून कुणी चटया दिलेल्या, कुणी मातीसाठी ताक पाठवलेलं. नोकरी नाही, छप्पर नाही, सत्कार नाही. त्याची नात गौरी, चौदा-पंधराची, केस कापलेले, कान अजून कुस्तीने न मोडलेले, कोवळे. लखूने सगळ्या पोरांना बोलावलं आणि म्हणाला, "हे बघा, हेच ते वसंता आजोबा. यांनीच मला ढाकेवर मारलं होतं. माझ्या जिंदगीतली सगळ्यात खरी कुस्ती." पोरं एकामागून एक माझ्या पाया पडली.

आम्ही बाकावर बसलो. गौरीने चहा आणला आणि ती आजोबांना टेकून बसली. लखू तिची तारीफ करायला लागला. शाळेकडून ती भोपाळला खेळायला गेली होती. तिथे पंचांनी तिला गुण दिला. ती म्हणाली, माझा नाही, समोरचीचा पाय रेषेच्या आतच होता. तेवढ्याने कुस्ती गेली. "बाकीच्यांनी वेड्यात काढलं," गौरी म्हणाली, "पण आजोबा म्हणतात, हरून खरी म्हणता आली तर ती जीतच असते. आजोबा तुमच्याशी हरले तेव्हा नोकरी गेली, तरी खरी म्हणाले ना? मग मला तर नुसतं पदक होतं." आणि ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी मोठं बोलेन म्हणून.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांचं सगळं मी रडत रडत सांगून टाकलं. खड्ड्यातलं पाणी, बापूंचा हात, आधी गेलेले पाय, न वळलेली कंबर. "तुझा आजा हरला नव्हता ग, पोरी. तो मुद्दाम पडला. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. लखू, मला माफ कर." मला वाटलं, आता त्याचा मान वाढेल. खरंच वाटलं. एवढी वर्षं जगून माझी अक्कल एवढीच.

गौरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती लखूपासून जराशी सरकली आणि म्हणाली, "आजोबा, म्हणजे तुम्ही माती हातात घेऊन खोटं बोललात?"

लखूने चहाचा कप हातात फिरवला. गौरीने पुन्हा विचारलं, या वेळी हळू. तिचं पदक खरंच गेलं होतं, आणि ते कशासाठी गेलं ते तिला आता कळेना.

लखूने कप खाली ठेवला. "तेव्हा खोटं बोललो ते जिजीला कळू दिलं नाही मी," तो मला म्हणाला. "बायकोला नाही, पोरांना नाही. एक खोटं बोललो होतो ना, म्हणून मग या हौद्यात दुसरं होऊ दिलं नाही. तुला हलकं व्हायचं होतं, भिया. झालास." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "ऊठ आता. पाचला धारची गाडी आहे, तिच्यानंतर नाही."

मी पिशवी उचलली. गौरी अजून त्याच्याकडेच बघत होती, आणि लखू, ज्याने माझ्या आठवणीत कधी कुणाची नजर चुकवली नव्हती, उठून गिरणीत गेला आणि पट्टा चढवून त्याने मोटार सुरू केली. दळण काही आलेलं नव्हतं.